सुशी खायला मुंबईत जाताय? मासा नंतर, आधी भात बघा

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटमध्ये सुशी मिळत नाही, पण सुशीच्या रील तिथल्या मोबाईलवरही येतात. मग शिकायला किंवा नोकरीला मुंबईत गेलेलं कुणीतरी पहिला पगार झाला की मित्रांना घेऊन वांद्र्याला जातं, मेन्यू उघडतं आणि गप्प बसतं. काही हॉटेलांत सहा-आठ तुकड्यांच्या प्लेटला हजाराच्या आसपास मोजावे लागतात. त्यात मासा कच्चा. पैसेही जायचे आणि पोटही बिघडायचं, अशी भीती वाटणं साहजिक आहे.

मुंबईत २००४ साली ताजमहाल पॅलेसमध्ये 'वसाबी बाय मोरिमोटो' सुरू झालं, तेव्हा सुशी ही पंचतारांकित हॉटेलातली गोष्ट होती. २०१८ मध्ये शेफ नूरेशा काबळी यांनी वांद्र्यात 'इझुमी' हे छोटंसं हॉटेल काढलं. आता तर पिझ्झा, मोमो आणि बिर्याणीच्याच मेन्यूत सुशीचंही एक पान असतं. यातलं चांगलं कोणतं, हे ओळखायचं कसं?

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला भात. त्यावर मासा असेल, काकडी असेल, नाहीतर अंडं. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप असतील तर ती साशिमी. पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून भातात महिनोन् महिने आंबवत आणि भात टाकून देत. आज दिसणारी, हाताने वळलेल्या भातावर माशाचा काप ठेवलेली 'निगिरी' १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकप्रिय झाली. तीही गाड्यांवर, उभ्या उभ्या खायची. त्या काळातला वडापावच म्हणा.

त्यामुळे हॉटेलची परीक्षा भातावर होते. भात साधारण अंगाच्या उबेइतका कोमट हवा. तुकडा उचलताना सुटू नये, तोंडात गेल्यावर मात्र दाणे मोकळे व्हावेत. भात गार आणि कडक लागला, तर तो बहुधा फ्रिजमधून आलाय. गारव्यात भातातला स्टार्च घट्ट होतो. ज्या हॉटेलला भात जमत नाही, तिथे वरचा मासा कितीही महाग असला तरी उपयोग नाही. म्हणून पहिल्यांदा जाल तेव्हा भली मोठी प्लॅटर मागवू नका. एक साधा काकडीचा रोल किंवा एखादी निगिरी मागवा. मेयोनीज, तळलेला चुरा आणि तीन सॉस ओतलेल्या रोलमध्ये भाताचे दोष झाकले जातात. रीलमध्ये तोच रोल सर्वांत देखणा दिसतो, हेही खरं.

रोलभोवतीचा काळा कागद म्हणजे नोरी, समुद्री शेवाळाची चादर. ती कुरकुरीत असायला हवी. भाताच्या ओलाव्याने ती लवकर मऊ पडते, पावसाळ्यात तर आणखीच. घरपोच मागवलेली सुशी चिवट लागते त्याचं कारण हेच. हॉटेल पारखायचं तर तिथे बसूनच खा.

मासा 'फ्रोझन' असेल तर?

तर बरंच आहे. कच्च्या समुद्री माशात अ‍ॅनिसाकिस नावाचा परजीवी असू शकतो आणि तो गोठवल्याने मरतो. अमेरिकेच्या एफडीएच्या निकषानुसार मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस किंवा उणे ३५ अंशाला गोठवून १५ तास ठेवावा लागतो. लिंबू किंवा व्हिनेगरने तो मरत नाही. तेव्हा 'आमचा मासा एकदम ताजा' एवढ्यावर समाधान मानू नका. तो कुठून येतो, आधी गोठवला होता का, हे सरळ विचारा. चांगल्या हॉटेलात याचं उत्तर मिळतं. वेटर गोंधळला तरी शेफला विचारून येतो. टाळाटाळ झाली तर शिजवलेला काहीतरी पदार्थ मागवून मोकळे व्हा. गरोदर महिलांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळलेलाच बरा.

'क्रॅब स्टिक' लिहिलेलं दिसलं तर त्यात बहुतेक वेळा खेकडा नसतो. ती सुरिमी, म्हणजे माशाच्या लगद्यापासून केलेली कांडी. ही सुरिमी आपल्या रत्नागिरीतही बनते. ती शिजवलेली असते, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला सोयीची. शाकाहारी असाल तर काकडी, अ‍ॅव्होकाडोचे रोल मिळतात, पण सोबतच्या मिसो सूपबद्दल विचारून घ्या. त्याचा रस्सा अनेकदा वाळवलेल्या माशाचा असतो.

वसाबी मिरचीसारखी तिखट असते का?

नंदुरबार म्हणजे मिरचीचं गाव. तिथल्या माणसाला वाटतं, एवढ्याशा हिरव्या गोळ्याने काय होणार! पण मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवर आणि घशात रेंगाळतं. वसाबीचा झटका फेसलेल्या मोहरीसारखा थेट नाकात चढतो आणि थोड्या वेळात उतरतो. मोहरीत आणि वसाबीत झोंबणारा घटक एकच आहे. बहुतेक ठिकाणी मिळणारी वसाबी ही हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असते. त्यात फसवणूक नाही, फक्त त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

गावी घरीच केली तर?

भाजीची खुशाल करा. मावळातला इंद्रायणी चिकट असल्याने काम भागतं. पण तापीतला किंवा उकईच्या फुगवट्यातला मासा कच्चा खाण्याचा प्रयोग चुकूनही करू नका. गोड्या पाण्यातल्या माशांत पट्टकृमी आणि यकृतात जाणाऱ्या कृमींच्या अळ्या असू शकतात. घरच्या फ्रीजरचा गारवा त्यांना मारेलच, असा भरवसा नाही. तो मासा नीट शिजवूनच खा.