बंदीतल्या पैलवानाचीही चाचणी का होते?

भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या वाचकांना निलंबन हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. कामगारावर आरोपपत्र आले, चौकशी लागली की त्याला गेटबाहेर ठेवतात. चौकशी चालू असेपर्यंत कायद्याने त्याला निर्वाह भत्ता मिळतो. पहिले ९० दिवस निम्मा पगार, आणि त्याचा दोष नसताना चौकशी लांबली तर पुढे पाऊण पगार. या काळात तो घरी काय खातो, काय पितो, हे विचारायला कंपनीचा माणूस दारात येत नाही.

खेळातील निलंबन याच्या अगदी उलट आहे. तेथे निर्वाह भत्ता नाही आणि नजर मात्र सुटत नाही. उत्तेजक द्रव्य घेतल्याबद्दल ज्या पैलवानावर, बॉक्सरवर किंवा पिंजऱ्यात लढणाऱ्या फायटरवर बंदी येते, त्याच्या दारात बंदीच्या काळातही तपासनीस येऊन उभा राहू शकतो आणि त्याच क्षणी लघवीचा किंवा रक्ताचा नमुना मागू शकतो. "खेळूच देत नाही, मग तपासता कशाला?" हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर आपल्या घरातील तरुण मुलांसाठी फार महत्त्वाचे आहे. कारण आज आपल्या वस्त्यावस्त्यांतील मुले तालमीत जातात, जिममध्ये जातात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात आणि मोबाइलवर 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स'च्या लढती पाहून तसे शरीर कमावण्याची स्वप्ने पाहतात. कुस्ती, बॉक्सिंग, ज्यूदो असे अनेक प्रकार एकत्र करून जाळीच्या पिंजऱ्यात लढला जाणारा हा खेळ आता आपल्याकडेही पोहोचला आहे.

नरसिंग यादवची हकीकत

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण आपल्या महाराष्ट्राच्याच मल्लाचे आहे. नरसिंग यादव हा मुंबईच्या आखाड्यात तयार झालेला पैलवान. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले. २०११ ते २०१३ असा लागोपाठ तीन वेळा तो महाराष्ट्र केसरी झाला आणि त्यातील एक मानाची गदा त्याने आपल्या भोसरीतच उचलली. महाराष्ट्र पोलीस दलात त्याला उपअधीक्षकपद मिळाले. २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक जिंकून त्याने रिओ ऑलिंपिकसाठी भारताला जागा मिळवून दिली. त्या जागेसाठी सुशीलकुमारने निवड चाचणीची मागणी करीत दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, पण न्यायालयाने ती मागणी फेटाळली.

त्यानंतर २५ जून २०१६ रोजी सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे बंदी असलेले स्टिरॉइड सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही तेच निघाले. आपल्या पेयात कोणीतरी मुद्दाम औषध कालविले, असे नरसिंगचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे 'नाडा'च्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला दोषमुक्त केले. पण जागतिक संस्था 'वाडा' हिने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे अपील केले. १८ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, रिओमध्ये निकाल लागला. घातपाताचा भरवशाचा पुरावा नाही, असे लवादाने म्हटले आणि चार वर्षांची बंदी घातली. ऑलिंपिक नगरीत पोहोचलेल्या मल्लाला मॅटवर पाऊल न ठेवता परतावे लागले.

खरे काय होते या वादात आपण पडणार नाही. आपण लक्षात घ्यायचे ते एवढेच की, या नियमांत आरोप सिद्ध करण्याचे ओझे फार लवकर खेळाडूच्या खांद्यावर येते. नमुन्यात द्रव्य सापडले की दोष धरला जातो. ते शरीरात कसे आले, हे मग खेळाडूनेच दाखवून द्यायचे असते. "मला माहीत नव्हते" एवढे म्हणून सुटका होत नाही.

बंदी म्हणजे सुट्टी नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जागतिक नियमावली सांगते की, बंदीत असलेला खेळाडू चाचणीच्या कक्षेतच राहतो. त्याचे नाव नोंदणीकृत चाचणी यादीत असेल तर त्याला रोजचा ठावठिकाणाही कळवावा लागतो. पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतील कोणता एक तास आपण कोठे भेटू, हे आधी सांगून ठेवायचे असते. १२ महिन्यांत तीनदा चुकला, तर एक थेंबही औषध न घेता तो दोषी ठरू शकतो. बंदी असताना तो कोठे स्पर्धेत उतरला, तर मूळ बंदीएवढी नवी बंदी तिच्या शेवटाला जोडली जाऊ शकते. चार वर्षांच्या बंदीत संघाबरोबर किंवा क्लबमध्ये सराव करण्याची मुभा मिळते ती फक्त शेवटच्या दोन महिन्यांत.

हे इतके कडक का, याचे कारण शरीराच्या कारभारात आहे. स्टिरॉइड घेऊन दोन वर्षे मेहनत केली की स्नायू वाढतात. औषध बंद केल्यावर काही काळाने ते लघवीतून दिसेनासे होते, पण कमावलेली ताकद लगेच ओसरत नाही. समजा, बंदीच्या काळात कोणी तपासलेच नाही, तर काय होईल? एखादा फायटर चार वर्षे निवांत औषधे घेईल, शेवटी काही महिने थांबेल आणि स्वच्छ नमुना देऊन मैदानात परत येईल. त्याच्यासमोर उभा राहील तो भाकरी-दूध खाऊन घाम गाळलेला मुलगा. कुस्तीत आणि पिंजऱ्यात हा अन्याय नुसता पदकाचा नसतो. तेथे औषधाच्या जोरावर मारलेला ठोसा समोरच्याच्या डोक्यावर बसतो.

या चाचणीची दुसरी बाजूही आहे. बंदी भोगणाऱ्या प्रामाणिक माणसाला आपण सुधारलो, स्वच्छ आहोत, हे दाखविण्याचा हाच एक मार्ग असतो. बंदीच्या काळातील प्रत्येक स्वच्छ नमुना म्हणजे त्याच्या बाजूची एक साक्ष असते. लपून राहिलेल्याजवळ अशी साक्ष नसते.

नरसिंगची बंदी ऑगस्ट २०२० मध्ये संपली. करोनामुळे टोकियो ऑलिंपिक एक वर्ष पुढे गेले होते. त्या डिसेंबरात बेलग्रेडच्या जागतिक चषकात तो पुन्हा मॅटवर उतरला. वय ३१ झाले होते. टोकियोला जाणे त्याला साधले नाही. पण २०२४ मध्ये कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. बंदीने माणूस कायमचा संपतो असे नाही, मात्र हातची चार वर्षे परत मिळत नाहीत.

पिंजऱ्यातील बड्यांनाही सूट नाही

अमेरिकेतील 'यूएफसी' ही मिक्स्ड मार्शल आर्ट्सची सर्वांत मोठी कंपनी. तिने जुलै २०१५ पासून वर्षभर केव्हाही चाचणी करण्याची पद्धत सुरू केली. २०२३ अखेरपर्यंत हे काम अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे होते, पुढे ते दुसऱ्या संस्थेकडे गेले. ब्रॉक लेसनर हा कुस्तीच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे आपल्या मुलांनाही ठाऊक असलेला धिप्पाड फायटर. २०१६ च्या लढतीच्या सुमारास त्याच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले व एक वर्षाची बंदी आली. मध्येच त्याने निवृत्ती जाहीर केली आणि तो चाचणीच्या यादीतून बाहेर पडला. तेव्हा त्याच्या बंदीचे घड्याळ थांबविण्यात आले. २०१८ च्या जुलैत तो यादीत परतला तेव्हा कोठे उरलेले महिने पुढे मोजले जाऊ लागले. म्हणजे चाचणी नाही तर शिक्षेचा दिवसही धरायचा नाही, असा हिशेब.

कॉनर मॅकग्रेगर तर या खेळातील सर्वांत श्रीमंत नावांपैकी एक. २०२४ या एका वर्षात तीन वेळा तो चाचणीसाठी सापडला नाही. त्याच्या नमुन्यात औषध सापडल्याचा हा प्रश्नच नव्हता. तरीही त्याला १८ महिन्यांची बंदी झाली आणि तिची मुदत २० मार्च २०२६ पर्यंत होती.

आपल्याकडे बजरंग पुनियाचे प्रकरण ताजे आहे. मार्च २०२४ मध्ये सोनीपतच्या निवड चाचणीच्या वेळी नमुना दिला नाही म्हणून नाडाने त्या नोव्हेंबरात त्याच्यावर चार वर्षांची बंदी ठरविली. आपण नकार दिला नव्हता, मुदत संपलेल्या साहित्याबद्दल जाब विचारला होता, असे त्याचे म्हणणे होते. धडा असा की, तक्रार असेल तर ती फॉर्मवर लिहून द्यावी, पण नमुना देऊनच उठावे.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात

नरसिंगजवळ पोलीस खात्याची नोकरी होती, बाजू मांडायला वकील होते. मॅकग्रेगरजवळ पैसा आहे. आपल्या वस्तीतील मुलाजवळ काय आहे? तो चाकणला ठेकेदाराकडे कामाला असतो. एका आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. उद्या तो राष्ट्रीय पातळीवर पोहोचला आणि चाचणीच्या यादीत आला, तर पाळी बदलली की ठावठिकाणाही बदलून कळवावा लागेल. सुपरवायझरने अचानक ओव्हरटाइमला थांबविले आणि इकडे तपासनीस घरी आला, तर एक चुकलेली चाचणी त्याच्या नावावर लागेल. फॉर्म, मोबाइल, नियमांची भाषा, सारेच त्याला परके. म्हणून श्रीमंताच्या मुलापेक्षा आपल्या मुलाने अधिक सावध राहिले पाहिजे. हे न्यायाचे नाही, पण आज वस्तुस्थिती अशी आहे.

खरा धोका तर त्याच्याही आधी सुरू होतो. जिममधील कोणी 'दादा' डबा देतो, गोळी देतो, इंजेक्शन देतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात मेफेनटरमाईनची इंजेक्शने बेकायदा विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात. धडधाकट मुलाने ते टोचले की हृदयाचे ठोके व रक्तदाब भलतेच वाढतात, काही वेळ थकवा जाणवत नाही, मग त्याची सवय लागते. स्पर्धेच्या वेळी ते घेण्यास बंदी आहे. मेथँडिएनोनसारखी स्टिरॉइड्स तर बारा महिने बंद आहेत. त्यांनी यकृत बिघडते, रक्तदाब वाढतो, स्वभाव चिडका होतो, पुरुषाची प्रजननशक्ती घटते आणि वयात येणाऱ्या मुलाची उंची खुंटू शकते. भरतीला धावणाऱ्या मुलाला वाडाचे नियम लागू नसतील, पण यकृत आणि हृदय त्यालाही एकच आहे.

हा दोष थोड्यांचा आहे असेही समजू नये. वाडाच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी २६० मध्ये बंदी असलेली द्रव्ये सापडली. मोठ्या प्रमाणात चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण फार वरचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

आई-वडिलांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलगा किंवा मुलगी तालमीत, क्लबमध्ये जात असेल तर तेथे खायला-प्यायला काय देतात ते विचारावे. पावडरचा डबा घेतलाच तर तो सीलबंद असावा, पावती आणि डब्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. पुढे वाद झाला तर हाच पुरावा असतो. सुटी पावडर आणि दुसऱ्याच्या बाटलीतील पाणी घेऊ नये. सर्दी-खोकला, दमा यांची काही साधी औषधेही बंदीच्या यादीत असतात, म्हणून डॉक्टरांना "मी स्पर्धा खेळतो" असे आधी सांगावे. औषध खरोखर लागणारच असेल तर नाडाकडून उपचारासाठी परवानगी मागता येते.

नमुना घ्यायला कोणी आले तर त्यांचे ओळखपत्र पाहावे. खेळाडूला आपल्याबरोबर एक माणूस ठेवण्याचा हक्क आहे. अल्पवयीन मुलाबरोबर तर मोठ्याने थांबावेच. नमुन्याच्या सीलबंद बाटल्यांची जोडी खेळाडूने स्वतः निवडायची असते. नमुना 'अ' आणि 'ब' अशा दोन भागांत ठेवतात. 'अ' दोषी निघाला तर 'ब' तपासून घेण्याची मागणी करता येते. फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नये. इंग्रजी कळत नसेल तर विचारून घ्यावे, त्यात लाज नाही. पिंजऱ्यातील खासगी स्पर्धेत उतरण्यापूर्वी आयोजकाला विचारावे की, येथे चाचणी होते काय, कोण करते आणि डॉक्टर हजर असतो काय. उत्तर मिळाले नाही तर त्या पिंजऱ्यात मुलाला पाठवू नये.

आणि एखाद्या मुलावर बंदी आलीच, तर त्याला घराबाहेर काढू नका, टोमणे मारू नका. त्याच्या हाताला काम द्या, शिक्षण पुरे करायला लावा आणि तपासनीस आला की ताठ मानेने दार उघडायला शिकवा. बंदीच्या काळात एकटा पडलेला मुलगा पुन्हा त्याच 'दादा'कडे जातो. ज्याच्या मागे घर उभे आहे, तो चाचणी देतो, मुदत भरतो आणि परत येतो.