आधी भोक, मग दोरा

पायताणाची बखर : लेखांक १४

बुटाला तळ शिवायच्या गुडइयर वेल्ट या रीतीचा लेख आज द्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलंय, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय वेल्टमधलं निम्मं कळणार नाही.

ताई घरी शिवणकाम करतात. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, जीनच्या पँटींची उंची कमी करणं. जीनला त्या १६ नंबरची सुई लावतात, ती चार पदरांतून आरपार जाते. बुटाचे तळ शिवणाऱ्या ब्लेकच्या यंत्रावरचा माझा लेख वाचून त्यांनी भाचीसाठी चामड्याची छोटी पर्स शिवायला घेतली. मशीन तेच, सुई तीच. चार टाके पडले, दोन सुटले, मग दोरा तुटला. टीप उसवली, तर भोकांची रांग चामड्यावर तशीच राहिली. त्या विचारतात, “भोक पाडणं हे सुईचंच काम ना? मग तुम्ही मधूनमधून आरीवाल्या यंत्राचं नाव घेता, ते वेगळं भोक पाडायचं यंत्र कशाला?”

उत्तर त्या उरलेल्या रांगेतच आहे. कापड म्हणजे उभे-आडवे धागे. सुईचं टोक त्यांच्या मधून वाट काढतं आणि सुई बाहेर आली की धागे पुन्हा जवळ सरकतात. टीप उसवून जरा पाणी मारून इस्त्री फिरवली की भोक कुठे होतं ते सापडत नाही. चामड्यात उभं-आडवं काही नसतं. त्याचे तंतू नमद्यासारखे सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात, त्यांच्या मधून जायला मोकळी वाटच नाही. गोल टोकाची सुई घुसली की तंतू आजूबाजूला दडपले जातात आणि सुईला आवळून धरतात.

टाके सुटतात ते या आवळण्यामुळे. सुई खाली जाऊन परत वर यायला लागते, त्या क्षणी तिच्या एका बाजूला दोऱ्याचा छोटा फुगवटा तयार होतो. शटलचं टोक त्या फुगवट्यातून जातं आणि टाका पडतो. चामडं सुईला चिकटून तिच्याबरोबर वर आलं, तर फुगवटा येतच नाही आणि शटल मोकळंच फिरून जातं. ताईंच्या मशीनमध्ये काही बिघाड नव्हता.

म्हणून चामड्याच्या सुईला टोकापाशी धार असते. ती तंतू बाजूला न सारता कापते, आणि तिने पाडलेलं भोक ही एक बारीकशी चीर असते. आता ही चीर कोणत्या दिशेने पडते यावर सगळं अवलंबून. टिपेच्याच दिशेने पडली तर चिरा एकापुढे एक येतात, दोन चिरांमधलं चामडं कमी उरतं, म्हणून टाका लांब ठेवावा लागतो. टिपेला आडवी पडली तर टाके जवळजवळ घेता येतात. तिरपी पडली तर दोराही तिरपा बसतो, आणि चांगल्या बुटांवर सगळे टाके एकाच अंगाला कललेले दिसतात, ती शोभा त्या तिरप्या चिरेची असते. सुया विकणारे या प्रत्येक टोकाला वेगळं अक्षर देतात. बुटाच्या वरच्या भागाचं काम करणारा कारागीर सुईचा नंबर बघण्याआधी टोक बघतो.

हिशेब चुकला तर काय होतं ते मी पायात घालून पाहिलंय. एका दुकानात बुटाचा तळ बदलून घेतला होता. टाके मोत्यासारखे बारीक, हातात घेऊन बघत राहावं असे. दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. बघतो तर दोरा शाबूत! एकही टाका तुटला नव्हता. फाटलं होतं ते चामडं, टिपेच्या रेषेवरून अगदी सरळ, पोस्टाच्या तिकिटासारखं. दोऱ्याला लागणाऱ्या जाडीपेक्षा सुई मोठी आणि भोकं फार जवळ. तो तुकडा मी जपून ठेवलाय.

ही झाली वरच्या पातळ चामड्याची आणि एका सुईची गोष्ट. तळाचं चामडं पाच-पाच मिलिमीटर जाड, त्यात दोन-तीन थर. तिथे बूट शिवणाऱ्यांनी शतकानुशतकं भोक आणि दोरा ही दोन कामं वेगळी ठेवली. युरोपातला कारागीर वाकड्या आरीने भोक पाडायचा आणि मेण-राळ फासलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना डुकराचे राठ केस वळून लावायचा. केस अशासाठी, की वाकड्या भोकातून पोलादी सुई वळत नाही, केस वळतो. दोन्ही टोकं एकाच भोकातून समोरासमोर जायची.

आपल्याकडची आरी निराळी आहे, आणि ती बघायला कुठे लांब जायला नको. नाक्यावरच्या गटई कामगारासमोर दहा मिनिटं उभे राहा. त्याच्या आरीच्या टोकापाशी एक खाच असते, आकड्यासारखी. तो तळात आरी वरून दाबतो, मनगटाला किंचित पीळ देतो, आरी आरपार जाते. डावा हात बुटाच्या आत असतो. तो हात न बघता दोरा त्या खाचेत अडकवतो, आरी वर येते ती दोऱ्याचा फास घेऊन. मग दोऱ्याचं दुसरं टोक त्या फासातून ओवून दोन्हीकडून आवळलं की टाका पक्का, आणि गाठ चामड्याच्या पोटात. ताई, नीट बघाल तर ही तुमच्या मशीनचीच टीप आहे! वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा. शटलचं काम त्याची बोटं करतात.

हीच आरी आणखी एका ठिकाणी तुमच्या ओळखीची आहे. लग्नाच्या ब्लाउजांवर जे ‘आरी वर्क’ करतात, त्याचं नाव या हत्यारावरून पडलंय. कच्छमधल्या मोची समाजाच्या कारागिरांनी चामडं शिवायची आकडेवाली आरी बारीक करून रेशमावर चालवली. तिथे दुसरं टोक ओवत नाहीत, एका फासातून पुढचा फास काढत जातात, म्हणून साखळी टाका पडतो. या भरतकामाला आजही मोची भरत म्हणतात.

साखळी टाक्याचं नाव निघालं की मला थॉमस सेंटची आठवण होते, आणि त्याच्यावर लिहायची संधी मी सोडणार नाही. हा लंडनचा सुतार, घरगुती सामान बनवणारा. १७ जुलै १७९० रोजी त्याला पेटंट मिळालं, नंबर १७६४. मथळा ओळीच्या ओळी लांब : बूट, जोडे, पोटऱ्यांवर चढवायची आवरणं, लाकडी तळाची पायताणं बनवायची नवी रीत, आणि वर वार्निशांच्या कृती. ‘शिवणयंत्र’ हा शब्द त्या मथळ्यात कुठेच नाही. पण आतल्या चित्रांत ते आहे, हाऊ या अमेरिकन माणसाच्या शिवणयंत्राच्या पेटंटच्या ५६ वर्षं आधी. सपाट पाटावर चामडं, वर पुढे आलेला हात, एका दांड्यावरून फिरणारं सगळं. आणि त्या हाताला दोन गोष्टी शेजारी शेजारी बसवलेल्या : एक आरी, एक सुई. आधी आरी खाली येऊन भोक पाडते. दोरा भोकावर आडवा येतो. मग टोकाला खाच असलेली सुई त्याला भोकातून खाली ढकलते, खालचा आकडा फास धरून ठेवतो, आणि पुढचा फास त्यातून जातो. साखळी टाका.

पेटंट दप्तरात पडून राहिलं. १८७३-७४च्या सुमारास न्यूटन विल्सन या शिवणयंत्रांच्या कारखानदाराला जुनी पेटंटं चाळताना ते सापडलं. त्याने चित्रांवरून यंत्र बनवलं, थोडे फेरफार केल्यावर ते चालू लागलं. ती प्रतिकृती लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. सेंटने स्वतः बनवलेलं एकही यंत्र सापडलेलं नाही. शिवणयंत्राच्या इतिहासात सेंटचं नाव घेतात ते पहिला म्हणून. मला त्याचं मोठेपण दुसरीकडे वाटतं. तो चामड्यापासून सुरू झाला, म्हणून त्याने भोक वेगळं काढलं. पुढे कापडवाल्यांनी डोळा टोकापाशी असलेली एकच सुई घेतली आणि ही दोन्ही कामं तिच्या गळ्यात घातली. कापडाला ते सोसतं. निकोल्स नावाच्या कारागिराने हाऊचं यंत्र चामड्यावर आणलं ते मागच्या एका लेखात आलंच आहे, पण तेही वरच्या पातळ चामड्यासाठी. जाड तळ, घोड्याचं खोगीर, पट्टे यांची पाळी आली तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांना पुन्हा आरी आणावी लागली.

ते आरी-सुईचं यंत्र, ज्याबद्दल ताईंनी विचारलंय, चालताना बघायला मिळालं तर सोडू नका. चाक हाताने सावकाश फिरवायला सांगा. एका बाजूने आरी चामड्यात शिरते आणि तिथेच थांबते. मग ती चामड्यासकट एक टाकाभर बाजूला सरकते. कापडाच्या मशीनला कापड पुढे ढकलायला खाली दाते असतात. इथे ते काम आरीच करते, त्यामुळे टाक्याची लांबी भोकाशीच बांधलेली राहते आणि दात्यांचे वण उठत नाहीत. आरी बाहेर पडते, आणि समोरच्या बाजूने आकडेवाली सुई त्याच भोकात येते. तिच्या आकड्यात दोरा घातला जातो, ती फास ओढून नेते, शटल फासातून दुसरा दोरा घेऊन जातं, आणि एक लांब दांडा दोरा खेचून गाठ मधोमध बसवतो. गटई कामगाराचं मनगट, आतला डावा हात, ओवणारी बोटं, सगळं इथे लोखंडात आहे. एकच फरक. त्याच्या हातात एक हत्यार होतं, यंत्रात दोन आहेत. आकडा असलेलं टोक घट्ट चामड्यात घुसताना आणि निघताना तंतूंत अडकतं. माणसाला ते हाताला कळतं आणि तो पीळ देतो. यंत्राला कळत नाही, म्हणून गुळगुळीत आरीने आधी वाट मोकळी करायची. आरी आणि सुई दोन्हींची जाडी दोऱ्यावरून ठरते, आणि ती जोडी जमवणं हे खरं कसब.

भोक दोऱ्याला घट्ट बसावं याच्या आणखी दोन युक्त्या जुने कारागीर वापरत आले. तळाचं चामडं ते आधी भिजवून घेतात. ओलं असताना आरी सहज जाते आणि वाळताना चामडं दोऱ्याभोवती आवळतं. दोरा जवसाचा, म्हणजे लिननचा, असेल तर पाण्यात तो फुगतो आणि पावसात भोक स्वतःच बुजवतो. कोल्हापुरी पायताणात तर दोराच नसतो. तळाचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले, खिळा एकही नाही. आरीने चीर पाडायची आणि निमुळत्या टोकाची वादी त्यातून ओढायची. भोक ज्याचं, भरणही त्याचंच. त्यामुळे दोघं भिजतात आणि वाळतात बरोबरीने. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

उलट्या वाटणीची उदाहरणंही आहेत, भोक यंत्राचं आणि दोरा माणसाचा. जालंधरला हाताने शिवतात त्या फुटबॉलच्या तुकड्यांना कापतानाच साच्याने कडेची भोकं पाडून घेतात. हातशिवणीच्या मोकासिन जोड्यांतही तेच. भोकं एकसारखी असली की कोणाच्याही हातची शिवण एकसारखी येते.

ताई, तुम्हीही हेच करा. लेदर पॉइंटची सुई आणा. वरचा दोरा काढा, बॉबिनही काढा. टाका सगळ्यात मोठा ठेवा आणि मोटर न लावता चाक हाताने फिरवत रिकामी टीप मारा, खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून, म्हणजे दात्यांचे वण उठणार नाहीत. पदर धरायला टाचण्या नकोत, त्यांचीही भोकं राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. तुमच्या पर्सवर मात्र नवी टीप मारू नका. जी रांग पडली आहे तिच्यातूनच शिवा, नाहीतर तिथे तिकीट होईल. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना बोथट सुया ओवा, पहिल्या भोकातून दोरा निम्मा ओढून घ्या, मग प्रत्येक भोकातून एक सुई इकडून आणि एक तिकडून. शेवटी दोन भोकं मागे येऊन कापा.