मैदानांतून मुत्सद्देगिरीकडे

परकीय राजधानींत नेमलेल्या राजप्रतिनिधीनें यजमान देशाच्या घरगुती तंट्यांत पडूं नये, हा मुत्सद्देगिरीचा जुना दंडक. सर लिअरी कॉन्स्टंटाइन यांनीं १९६३ सालीं तो ब्रिस्टल शहरांत उघडउघड मोडला. त्यांनीं तसें कां केलें, हें समजण्यास आरंभ मात्र क्रिकेटपासून करावा लागतो.

गुलामांच्या वंशांत १९०१ सालीं त्रिनिदादमध्यें जन्मलेल्या या खेळाडूनें १९२८ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत हजारांवर धावा काढल्या व शंभरांवर गडी बाद केले. पुढें १९२९ ते १९३७ पर्यंत ते लँकाशायरमधील नेल्सन या गिरण्यांच्या गांवीं पगारी खेळाडू होते. त्या नऊ हंगामांत नेल्सननें सात वेळां लीग जिंकली. पण मैदानावरील टाळ्या हॉटेलच्या दारापर्यंत पोंचत नाहींत. १९४३ मध्यें लॉर्ड्सवरील सामन्यासाठीं ते सहकुटुंब लंडनला आले असतां इंपीरियल हॉटेलनें वर्णावरून त्यांचा ठरलेला मुक्काम नाकारला. त्यांनीं फिर्याद केली आणि १९४४ मध्यें ती जिंकली. भरपाई अवघी पांच गिनी. परंतु रक्कम हा त्या फिर्यादीचा हेतूच नव्हता.

१९५४ मध्यें ते बॅरिस्टर झाले, स्वदेशीं परतले, १९५६ मध्यें निवडून येऊन मंत्री झाले आणि १९६२ मध्यें स्वतंत्र त्रिनिदादचे लंडनमधील पहिले उच्चायुक्त.

ब्रिस्टलची बस कंपनी कृष्णवर्णीय वा आशियाई माणसाला चालक किंवा कंडक्टर म्हणून घेत नसे. कामगारसंघाच्या स्थानिक शाखेचाही तिला पाठिंबा होता. एप्रिल १९६३ च्या अखेरीस तेथील वेस्ट इंडियन तरुणांनीं बसवर बहिष्कार पुकारला. मे महिन्यांत वेस्ट इंडीजचा ग्लॉस्टरशायरशीं सामना त्याच शहरीं होता. कॉन्स्टंटाइन तेथें गेले आणि वृत्तपत्रांपुढें स्पष्ट बोलले. ते नगराच्या लॉर्ड मेयरना भेटले, कामगारसंघाच्या प्रमुखांना भेटले, कंपनीच्या वरिष्ठ मंडळासही त्यांनीं वाटाघाटीस प्रवृत्त केलें. दुसऱ्या एखाद्या उच्चायुक्ताचें म्हणणें नम्रपणें ऐकून बाजूस ठेवतां आलें असतें. ज्याचा खेळ पाहण्यास इंग्लंडांतील लोकांनीं पैसे मोजले होते, त्याला तसें वाटेस लावणें अवघड होतें.

२८ ऑगस्ट रोजीं कंपनीनें बंदी उठविली. सप्टेंबरांत नेमलेला पहिला गौरेतर कंडक्टर एक शीख होता.

त्रिनिदाद सरकारला मात्र आपल्या प्रतिनिधीचा हा पुढाकार रुचला नाहीं. १९६४ च्या आरंभीं कॉन्स्टंटाइन यांनीं पद सोडलें. ते इंग्लंडांतच राहिले व १९६६ पासून वर्णभेदाच्या तक्रारींचा विचार करणाऱ्या सरकारी मंडळावर काम करूं लागले.