एक मजकूर, एकच वाचन

कामगार संघटनेच्या कामात आमचे केस पांढरे झाले. त्यातून एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. करारनामा कितीही नेटका असो. मालकाने त्याचा एक अर्थ लावला आणि कामगाराने दुसरा, तर तंटा ठरलेलाच. संगणकांच्या जगातही असाच एक तंटा वर्षानुवर्षे चालत आला. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या आम्हांला तो समजला, तेव्हा श्रोत्यांना तो अवघड वाटू नये.

फोनवर आपण जे पान पाहतो, ते एचटीएमएल या भाषेतील मजकुराच्या रूपाने येते. मथळा कोठे, परिच्छेद कोठे, तक्ता कोठे, याच्या खुणा त्यात असतात. त्या वाचून ब्राउझर वंशवृक्षासारखी एक रचना उभी करतो. तिला डॉम म्हणतात. पान पाठवणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, हेच काम पुष्कळदा करावे लागते. कोणी परभारे धाडलेल्या मजकुरात घातक आज्ञा दडलेली नाही ना, हे त्याला आधी तपासायचे असते.

पण लिहिणारा चुकतोच. खूण मिटवायला विसरतो, तक्त्यात भलत्या जागी शब्द टाकतो. पूर्वी प्रत्येक ब्राउझर अशा चुका आपापल्या मतीने सावरून घेई. २००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याकडील मंडळींनी एक गट स्थापला. या गटाने पुढे चुकलेला मजकूरसुद्धा सर्वांनी एकाच रीतीने कसा वाचावा, याचे बारीकसारीक नियम लिहून काढले. तक्त्यात भरकटलेला शब्द उचलून तक्त्याच्या आधी ठेवावा, हा त्यांतलाच एक.

सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेची जुनी डॉम लायब्ररी मात्र एचटीएमएल ४ च्या काळातच राहिली. ‘सेक्शन’, ‘आर्टिकल’ या नव्या खुणा तिला अनोळखी. लिपीचा संकेत मजकुरात सांगितला नसेल, तर ती त्याला पश्चिम युरोपातील समजते, आणि आपल्या देवनागरीची अक्षरे फुटून भलतीच चिन्हे उमटतात. खरा धोका याहून मोठा आहे. राखणदाराने जे निरुपद्रवी म्हणून आत सोडले, तेच ब्राउझरच्या वाचनात जिवंत आज्ञा ठरू शकते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएचपी ८.४ ने यावर तोड काढली. एचटीएमएलचे नवे नियम जाणणारी लेक्सबॉर ही लायब्ररी आणून तिच्यावर नवी व्यवस्था उभारली. आता ब्राउझर आणि सर्व्हर एकाच नियमाने वाचू लागले. संकेत दिला नसेल, तर ही व्यवस्था मजकूर यूटीएफ-८ मधला धरते. आपली अक्षरे शाबूत राहतात.

आम्हांला विशेष भावली ती या बदलाची रीत. जुन्या व्यवस्थेवर असंख्य कार्यक्रम चालत होते. तिला हात न लावता नवी शेजारी उभी केली. ज्याला हवी त्याने ती घ्यावी. नवा करार करताना जुन्यांच्या पोटावर पाय येऊ नये, हे आम्ही वाटाघाटीच्या प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहोत. यंत्राच्या कारभारालाही तोच न्याय लागू पडतो.