केडगावची फळबाग आणि उद्याची चिंता

उद्याची चिंता करू नका, असे मत्तयकृत शुभवर्तमानात येशू सांगतो. लूककृत शुभवर्तमानात तोच बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब मांडायला सांगतो. ही दोन्ही वचने एका आयुष्यात कशी नांदतात, हे पंडिता रमाबाईंच्या कामात दिसते.

1889 साली मुंबईत सुरू झालेल्या शारदासदनाला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने 10 वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. मुदत संपल्यावर काय, हा विचार करून बाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा बेत होता. तो तडीस जाण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ आला. बाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 निराधार मुली व स्त्रिया आणल्या. इतक्या जणींच्या पोटाची तजवीज कोणत्याच हिशेबात नव्हती. भिस्त प्रार्थनेवर होती. पण मुक्तिसदन उभे राहिले, ते आधीच घेऊन ठेवलेल्या त्या जमिनीवर. पुढे तिथे शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकल्या.

याकोबाच्या पत्रात उद्याच्या व्यापाराचे बेत आखणाऱ्यांना कानपिचक्या आहेत. त्या बेत आखल्याबद्दल नाहीत. उद्याचा दिवस आपल्याच मुठीत आहे, या घमेंडीबद्दल आहेत. रमाबाईंनी देवावर हवाला ठेवून बाग लावायची टाळली नाही, आणि बागेचा हिशेब पुढे करून दारी आलेल्या मुलींना परतही पाठवले नाही. श्रद्धेने त्यांचा बेत मोडला नाही. तो कोणाच्या कामी यावा, एवढेच बदलले.