‘फुल इन्शुरन्स’ घेतला होता, मग पैसे कशाचे?

जूनच्या बैठकीत आमच्या गटापुढे एक अर्ज आला. शेळ्यांसाठी नव्हता, शिलाई मशीनसाठी नव्हता, मुलीच्या फीसाठीही नव्हता. आमच्या एका ताईंना ऑस्ट्रेलियातल्या गाडीची भरपाई द्यायला एक लाख साठ हजार रुपये हवे होते. पेरणी तोंडावर आलेली, गटाची शिल्लक जेमतेम सव्वा लाख, आणि बियाण्याला पैसे मागणाऱ्या पाच जणी आधीच रांगेत. बैठकीत क्षणभर कुणी बोललंच नाही.

ताईंचा मुलगा मेलबर्नला शिकतो. रब्बीची कामं उरकल्यावर एप्रिलमध्ये ताई आणि दादा त्याला भेटायला गेले होते. मुलानं चार दिवसांसाठी भाड्याची गाडी घेतली आणि आईवडिलांना ग्रेट ओशन रोडला नेलं. समुद्राच्या कडेनं जाणारा हा रस्ता सुमारे २४३ किलोमीटरचा आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ या काळात बांधला. ताई अजूनही त्या समुद्राचं वर्णन करतात, ते ऐकण्यासारखं असतं. पण परतीला एका शेतावरच्या मुक्कामी जाताना खडीच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचा तळ दगडाला घासला. दुसऱ्या दिवशी गाडी मागे घेताना खांबाला ठोकर बसून मागचा बंपर फुटला. मुलगा म्हणाला, “आई, काळजी नको, फुल इन्शुरन्स घेतलाय.” महिन्यानं त्याच्या क्रेडिट कार्डातून २,८०० डॉलर कापले गेले. एक डॉलर साधारण ५७ रुपये धरा, म्हणजे हिशेब लागेल.

कर्ज द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी कागद बघू, असं आम्ही ठरवलं. मुलानं करारनामा मोबाईलवर पाठवला, बारीक अक्षरातली चौदा पानं. आमचं बी.ए.चं इंग्रजी तिथे धापा टाकू लागलं. मग फोनवर मुलाला घेऊन दोन संध्याकाळी ओळ न् ओळ वाचली. त्यातून जे कळलं ते आज सांगतो, कारण आता आपल्या गावागावांतली मुलं परदेशात आहेत आणि आपणही त्यांना भेटायला जाऊ लागलो आहोत.

पहिली गोष्ट. तिथे भाड्याच्या गाडीला विमा असतोच, तो भाड्यात धरलेला असतो. माणसाला इजा झाली तर त्याची सोय वेगळी आहे. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथे गाडीच्या नोंदणीबरोबरच त्यासाठी पैसे भरले जातात आणि टीएसी नावाची सरकारी संस्था जखमींचा खर्च बघते, मग चूक कुणाचीही असो. प्रश्न उरतो तो गाडीच्या नुकसानीचा. तिथे एक शब्द येतो, ‘एक्सेस’. नुकसान झालं की अमुक रकमेपर्यंतचा खर्च गाडी घेणाऱ्यानं सोसायचा, त्याच्या वर गेलं तरच पुढचं कंपनी बघणार. आपल्याकडेही हे आहे बरं का. आपल्या चारचाकीच्या पॉलिसीत नुकसानीच्या दाव्यातून हजार किंवा दोन हजार रुपये कापून घेतात, लहान इंजिनाला हजार, १,५०० सीसीच्या वर दोन हजार. रक्कम छोटी म्हणून आपल्याला ती जाणवत नाही. मुलाच्या करारात हीच रक्कम ४,००० डॉलर होती! बंपरचा खर्च आला १,९०० डॉलर. म्हणजे त्या विम्यातून एक डॉलरसुद्धा मिळणार नव्हता, आणि यात कंपनीनं काही फसवलेलंही नव्हतं. लिहिलेलं होतं.

मग मुलानं घेतलेला ‘फुल इन्शुरन्स’ कुठे गेला? खरी गोम इथेच होती. एक्सेस कमी करायचे दोन रस्ते असतात. एक, गाडी ताब्यात घेताना काउंटरवर रोजचे जादा पैसे भरायचे. मग कंपनी स्वतःच ती रक्कम कमी करते किंवा शून्यावर आणते, आणि नुकसान झालं तर तितके पैसे मागतच नाही. हा रस्ता महाग पडतो. दुसरा, बुकिंग करताना वेगळ्याच विमा कंपनीची स्वस्त पॉलिसी घ्यायची. मुलानं ती घेतली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘फुल कव्हरेज’ लिहिलेलं. पण गाडीच्या कंपनीचा त्या पॉलिसीशी काही संबंध नसतो. ती आपल्या कार्डातून आधी पैसे कापून घेते. मग आपण करारनामा, दुरुस्तीचं बिल, फोटो, पैसे कापल्याचा पुरावा, हे सगळं जोडून दुसऱ्या कंपनीकडे मागणी करायची, आणि काही आठवड्यांनी पैसे परत येतात. मुलाला हे माहीतच नव्हतं. पैसे कापले गेले म्हणजे विमा बुडाला असं समजून तो गप्प बसला होता, दावासुद्धा केला नव्हता. ही माहिती कळली तेव्हा ताईंचा चेहरा आम्ही पाहिला. दोन आठवडे त्या जेवल्या नव्हत्या म्हणा ना.

आता उरले ९०० डॉलर, गाडीच्या तळाचे. हे मात्र अवघड निघालं. करारात साफ लिहिलं होतं की डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडी नेली तर कोणतंही संरक्षण नाही. गाडीचा तळ, छत, टायर, काच, पाण्यात गाडी घातल्याचं नुकसान, चुकीचं इंधन भरणं, या गोष्टी तिथे अनेक करारांत वगळलेल्या किंवा वेगळ्या मोजलेल्या असतात. आणि मूळ कराराची अट मोडली की दुसरी स्वस्त पॉलिसीही हात वर करते. मैत्रिणींनो, जनावरांच्या विम्यात कानातला बिल्ला नसेल तर दावा अडतो, हे आपण सोसलेलं आहे. पीकविम्यात शेतात पाणी साचलं तर ७२ तासांत कळवायचं असायचं, हेही पाठ आहे. तसंच हे. विम्याचं नाव काय आहे याला अर्थ नाही, तो कधी मिळणार नाही ते आधी वाचायचं.

अटी आणखी आहेत. करारात ज्याचं नाव चालक म्हणून लिहिलंय त्यानंच गाडी चालवायची. दादांना वाटलं होतं, पोरगा दमला की आपण थोडी हाकू, तिथेही डावीकडूनच चालवतात की! बरं झालं पोरानं दिली नाही. नाव नसलेल्यानं चालवली आणि काही झालं तर सगळा खर्च डोक्यावर. पंचवीस वर्षांच्या आतल्या चालकाकडून बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेतात, तेही त्याच्या बिलात होतं. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात, म्हणून काही कंपन्या शहराबाहेर रात्री गाडी चालवायला दूरच्या भागांत मनाईच करतात. आपल्याकडून जाणाऱ्या कुणाला चालवायची असेल, तर आपलं लायसन्स आणि आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा. त्याची फी १,००० रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो. आणि भारतातून घेतलेला प्रवास विमा हा मुख्यतः आजारपण आणि सामानाचा असतो. त्यात भाड्याच्या गाडीचा एक्सेस लिहिलेला असेल तरच आहे समजायचं.

पोरांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा, फोटो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, चाकं, काच, छत, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा, सगळ्याचा व्हिडिओ. जुना ओरखडा दिसला तर तो काउंटरवरच्या कागदावर लिहून घ्यायचा. परत देतानाही तसंच. ऑफिस बंद असताना किल्ली पेटीत टाकून निघून गेलं, तर दुसऱ्या दिवशी तपासणी होईपर्यंतची जबाबदारी बहुतेक वेळा आपलीच धरतात. आमच्या ताईंच्या मुलाकडे बंपरचे फोटो होते, ठोकर बसल्याबरोबर काढलेले, कंपनीला कळवल्याचा मेलही होता. त्यावरच पुढचं काम झालं.

कुणी विचारेल, आपल्याला इथे गावात याचा काय उपयोग? गटाच्या सहलीला आपण शेजारच्या भाऊजींची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेतो ना? तो विमा खासगी वापराचा असतो. भाड्यानं नेल्याचं उघड झालं तर नुकसानीचा दावा अडू शकतो. पिवळ्या पाटीची गाडी घ्या आणि विम्याची तारीख बघूनच बसा. यावर एकदा वेगळं बोलू.

तर गटानं काय केलं? एक लाख साठ हजार दिले नाहीत. परत येणाऱ्या १,९०० डॉलरसाठी मुलानं तिथल्या मित्रांकडून उसने घेतले. न येणाऱ्या ९०० डॉलरसाठी आम्ही ताईंना ५०,००० रुपये नेहमीच्या व्याजानं दिले, दहा हप्त्यांत. ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, एक-दोघींनी कुरकुर करत केल्या, तेही सांगायला हवं. बियाण्याची कर्जं कुणाची अडली नाहीत. मुलाचा दावा सात आठवड्यांनी मंजूर झाला, बंपरचे पैसे परत आले, मित्रांचे फिटले. ताईंचे तीन हप्ते आले आहेत. दादा म्हणतात, पुढच्या खेपेला मेलबर्नहून वॉर्नाम्बूलला रेल्वे जाते, तिनंच जाऊ.