प्रबंध विद्यार्थ्याचा, जबाबदारी विद्यापीठाची

पदवी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षी विद्यार्थ्याने संशोधन करून प्रबंध सादर करावा, ही कल्पना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीचा मार्ग खुला होतो आणि त्यासाठी त्याला १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प पुरा करावा लागतो. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्या पहिल्या तुकड्यांची चौथी वर्षे म्हणजे अनुक्रमे २०२६-२७ व २०२७-२८. चौकट सिद्ध आहे. प्रश्न आहे तो तिच्यात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला आधार कोण देणार, हा.

ज्याने आजवर प्रश्नपत्रिकेतील प्रश्नांची उत्तरे लिहिली, त्याला आता प्रश्नच स्वतः शोधावयाचा आहे. ‘महाराष्ट्रातील सहकारी चळवळ’ असा ऐसपैस विषय घेऊन तो येणार, हे स्वाभाविकच. त्याला नाउमेद न करता ‘गावच्या दूध संस्थेने दहा वर्षांत उत्पादकांना दिलेला भाव’ येथवर आणून सोडणे, हे मार्गदर्शकाचे पहिले काम होय. विषय आटोपशीर झाला की साधनेही हाताशी येतात : संस्थेचे वार्षिक अहवाल, जुने दप्तर, सभासदांच्या मुलाखती. तो तसाच ऐसपैस राहिला, तर मात्र दहा पुस्तकांतील उतारे एकत्र शिवण्यावाचून विद्यार्थ्याला गत्यंतर उरत नाही. वाङ्मयचौर्याचा उगम पुष्कळदा लबाडीपेक्षा या असाहाय्यतेत असतो. ते हुडकून काढणारी संगणकीय यंत्रणा शेवटच्या दिवशी कामास येते. मार्गदर्शक पहिल्या दिवशी लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला, तो कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. त्या वेळी ते विद्यार्थीच होते. प्रतिभा स्वयंभू असते हे खरे. परंतु विद्यार्थ्याचा विचार जाणत्यांपुढे मांडण्याची सोय मात्र संस्थेलाच निर्माण करावी लागते.

आयोगाने या पदवीसाठी ग्रंथालय, नियतकालिके व प्रयोगशाळा यांबरोबरच पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक विभागात असावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा रास्तच आहे. तथापि ज्या महाविद्यालयांत पदे रिक्त असून अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या खांद्यावर आहे, तेथील ७५ टक्के मिळविलेल्या विद्यार्थिनीने काय करावे? घर सोडून शहर गाठणे प्रत्येकीला परवडणारे नाही. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळविणारा २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरू शकतो. अशा वेळी संशोधनाची पहिली शिकवणच तालुक्याच्या गावी मिळणार नसेल, तर ही समान संधी कागदावरच राहील.

यावर उपाय नाहीत असे नाही. शेजारच्या चार महाविद्यालयांनी मिळून मार्गदर्शक वाटून घ्यावेत आणि विद्यापीठाने त्यास मान्यता द्यावी. पीएच.डी.साठी प्राध्यापकास ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. पदवीच्या प्रबंधासाठीही झेपेल एवढीच संख्या प्रत्येकाकडे सोपवावी. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने विद्यार्थी १२ श्रेयांकांसाठी ३६० तास खर्ची घालणार. मग मार्गदर्शकाचा वेळ त्याच्या कार्यभारात मोजला जाऊ नये, हे न्याय्य नव्हे. आठवड्यातील एक तास भेटीसाठी राखून ठेवणे आणि लिहिलेले प्रकरण पंधरा दिवसांत शेऱ्यांसह परत करणे, एवढी शिस्त पाळावयास तर शासन निर्णयाचीही गरज नाही. ‘शोधगंगा’ या संग्रहात देशातील विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य पाहता येतात. ते कसे वाचावेत हे मात्र कोणी तरी शेजारी बसून शिकवावे लागते.

पदवीच्या प्रबंधातून ज्ञानात मोठी भर पडेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. पुरावा कोणता, तर्क कोणता आणि ऐकीव कोणते, हे पाहण्याची दृष्टी विद्यार्थ्याला आली तरी वर्ष सार्थकी लागले. ही दृष्टी केवळ परिपत्रकाने येत नाही. पहिल्या तुकडीला ती देता आली नाही, तर पुढील तुकड्यांच्या हाती बांधणी केलेल्या कागदांचा गठ्ठा तेवढा राहील.